ग्रंथालयांतील गाणें

श्रोतेहो, आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं पेटी आहे, तंबोरा आहे, आणि गाणें शिकवावयास गुरुजीहि येतात. परंतु चंद्रपूर आणि गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांतील एखाद्या गांवाचा विचार करा. सिरोंचा हें तालुक्याचें ठिकाण. तेथून गडचिरोली सुमारें २०० किलोमीटर दूर. अशा ठिकाणीं एखाद्या मुलीस ख्यालगायनाची गोडी लागली, तर तिनें काय करावें? गुरु मिळेपर्यंत तिला दोनच आधार आहेत : स्वरलिपीचें पुस्तक आणि ध्वनिमुद्रिका. हे आधार ग्रंथालयांतून कसे शोधावेत आणि त्यांवर कितपत विसंबावें, हें आज सांगावयाचें आहे.

प्रथम पुस्तकाचें पाहूं. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनीं हिंडून, उस्तादांपासून मिळवून, शेंकडों चिजा स्वरलिपींत उतरवल्या. त्यांची 'क्रमिक पुस्तक मालिका' सहा भागांची आहे. ती मूळ मराठींत असून तिची हिंदी आवृत्ति हाथरसच्या संगीत कार्यालयानें काढली. म्हणून ग्रंथपालास दोन्ही भाषांतील प्रती विचाराव्या. नुसतें "भातखंड्यांचें पुस्तक द्या" असें म्हणून भागत नाहीं. राग कोणता, हें आधीं ठरवावें. यमन, भैरव, काफी, तोडी असे दहा थाटांचे दहा राग दुसऱ्या भागांत आहेत. भूप, केदार, बिहाग, बागेश्री, मालकंस हे तिसऱ्यांत. ग्रंथकाराच्या नांवाचीहि एक अडचण आहे. भातखंड्यांचा 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' हा संस्कृत ग्रंथ १९१० सालीं 'चतुर पंडित' या नांवानें निघाला. तेव्हां सूचींत तो दुसऱ्याच अक्षराखालीं सांपडण्याचा संभव असतो. जेथें पुस्तकें दशांश पद्धतीनें लावलेलीं असतात, तेथें संगीत ७८० या क्रमांकापासून सुरू होतें. सूचींत नांव दिसलें नाहीं, तर ती फळी स्वतः चाळावी.

पुस्तक हातीं आलें कीं प्रथम चिन्हांचें पान वाचावें, कारण महाराष्ट्रांत दोन लिप्या रूढ झाल्या. दुसरी पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांची. भातखंडे पद्धतींत स्वराच्या डोक्यावर बिंदु असला तर तो तार सप्तकांतला. पलुसकर पद्धतींत तोच बिंदु मंद्र सप्तकाचा. भातखंड्यांच्या येथें मध्यमावर उभी रेघ म्हणजे तीव्र मध्यम. पलुसकरांच्या येथें स्वरावरील उभी रेघ तार सप्तक दाखविते. समेचें चिन्ह एकीकडे गुणाकाराच्या फुलीसारखें, दुसरीकडे १ चा अंक. हा भेद ज्यास ठाऊक नाहीं, तो शुद्ध कागदावरून अशुद्ध गाणें बसवील, आणि चूक दाखवावयास जवळ कोणीच नसेल.

आतां ध्वनिमुद्रिकेकडे वळूं. पुस्तक रागावरून शोधावें, मुद्रिका मात्र बहुधा गायकाच्या नांवावरून सांपडते. जुन्या लाखेच्या तबकड्यांवरील चिठ्ठ्यांत रागाचें नांव रोमन अक्षरांत, कधीं एका प्रकारें तर कधीं दुसऱ्या प्रकारें छापलेलें असे. म्हणून झिंजोटी शोधतांना दोनतीन वर्णलेखनें करून पाहावीं. शिवाय अशा तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीनच मिनिटें मावत. मैफलींत तासभर चालणारा राग त्या तीन मिनिटांत बसवावा लागे. अब्दुल करीमखांसाहेबांच्या मुद्रिका ऐकतांना हें ध्यानीं ठेवावें : ती रागाची संपूर्ण मांडणी नव्हे, तिचा अर्क आहे. कांहीं थोर आवाज तर मुळींच उरले नाहींत. अल्लादियाखांसाहेबांनीं (१८५५–१९४६) तबकडी दिली नाहीं. त्यांची गायकी केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर या शिष्यांच्या मुद्रणांतूनच ऐकावी लागते. म्हणून गायकाबरोबर त्याचें घराणें व गुरुपरंपराहि टिपून ठेवावी. एक दार बंद असलें तर दुसरें उघडतें.

जिल्ह्याच्या ग्रंथालयांत तबकड्या नसल्या तरी निराश होण्याचें कारण नाहीं. आपल्या देशांत ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनीं संपतो, आणि पुष्कळ जुनीं मुद्रणें आज संगणकावर ऐकावयास मिळतात. मुंबईस १९६९ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रांत संगीताचें ग्रंथालय व ध्वनिमुद्रणांचा संग्रह आहे. तेथें जाण्याचा योग आला तर शोधावयाच्या गोष्टींची यादी घरूनच करून न्यावी.

पण हे दोन आधार वेगवेगळे वापरूं नयेत, हाच आजचा मुख्य मुद्दा. दरबारी कानड्याचा गंधार पाहा. कागदावर तो खालीं रेघ असलेलें एक अक्षर आहे. गळ्यांत तो हळूहळू झुलतो, आणि त्या आंदोलनावांचून दरबारी उभाच राहत नाहीं. तें आंदोलन कागद शिकवूं शकत नाहीं. उलट तबकडींतील द्रुत तान कानांवरून निसटून जाते. तिची वाट कागदावरील चलनामुळें समजते. तेव्हां प्रथम ऐकावें, मग वाचावें, मग पुस्तक उघडें ठेवून पुन्हां ऐकावें. दोहोंत फरक आढळला तर एकास खोटें ठरवूं नये. घराण्याघराण्यांत चिजेचे पाठ निराळे असतात. कोणता पाठ कोणाचा, एवढें वहींत लिहावें. पुढें गुरु भेटतील तेव्हां हाच प्रश्न त्यांच्यापुढें ठेवतां येईल.

शेवटीं शहरांतील श्रोत्यांस एक विनंति. तुमच्या माळ्यावर वडिलांच्या तबकड्या असतील. त्या एकावर एक न रचतां उभ्या ठेवा; लाख ठिसूळ असते, भारानें तडकते. प्रत्येकीच्या पाकिटावर गायक, राग व तबकडीचा क्रमांक लिहा, आणि ठेवणें जड होऊं लागलें तर रद्दींत न घालतां ग्रंथालयास विचारा. नांव नसलेली तबकडी ग्रंथालयांत गेली तरी हरवलेलीच असते. नांव लिहिलेली तबकडी मात्र सिरोंच्याच्या त्या मुलीपर्यंत कधींतरी पोहोंचूं शकेल.