वाचकातला चकवा

वाल्या कोळ्याच्या तोंडी ‘राम’ काही येईना. मग तो ‘मरा मरा’ म्हणत बसला आणि म्हणता म्हणता त्याचं ‘राम राम’ होऊन गेलं. अंगावर वारूळ चढलं, वाल्याचा वाल्मीकी झाला. ही गोष्ट आपण आजीच्या मांडीवर ऐकतो, पण तिच्या पोटात एक अस्सल शब्दखेळ दडलेला आहे. त्याला म्हणतात अ‍ॅनाग्रॅम. नियम सोपा: अक्षरं तीच आणि तितकीच. एकही वाढवायचं नाही, एकही गाळायचं नाही, फक्त जागा बदलायच्या. एवढ्याशा खेळापायी राजाने दरबारात माणूस पोसला, शास्त्रज्ञांनी शोध दडवले, एक बाई भर कोर्टात हास्यास्पद ठरली आणि तळ्यातला एक राक्षसही संशयात सापडला.

कवी, कविता विकता?

मराठीत हा खेळ झकास जमतो. ‘वाचक’ उलटसुलट केला की ‘चकवा’. ‘कमल’चं ‘कलम’, ‘समान’चं ‘मानस’, ‘राधा’ची ‘धारा’. ‘कविता’ची अक्षरं हलवली की थेट प्रश्न येतो, ‘विकता?’ ‘वासना’ तर सरळ मागून वाचा, ‘नासवा’! कीर्तनकारांना यावर वेगळं निरूपण करायची गरजच नाही.

गावोगावचे सल्ले

गावांची नावंही सुटत नाहीत. नाशिक कानात सांगतं, ‘शिक ना!’ जळगाव म्हणतं, ‘जवळ गा.’ पालघरमध्ये निघते घरपाल, ती भिंतीवर चुकचुकणारी. आणि गोव्याला पोचल्यावर कोकणी मावशीला उद्देशून तोंडून जे निघतं तेही त्याच दोन अक्षरांत आहे: ‘वा गो!’

वानराचा नवरा कधी होतो?

वाद इथे सुरू होतो. आपल्या लिपीत सोंगटी कोणती धरायची? अख्खं अक्षर धरलं तर ‘वा-न-र’मधून ‘न-व-रा’ निघत नाही, कारण ‘वा’चा काना ‘व’ला चिकटलेला आहे. पण काना सुटा काढायची मुभा दिली की वानराचा नवरा झालाच म्हणून समजा! गंमत म्हणजे कॉम्प्युटर दुसऱ्या पक्षाचा आहे. युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी यांना प्रत्येकी वेगळा क्रमांक असतो, त्यामुळे त्याच्या लेखी वानर आणि नवरा एकाच मालाचे. बायकांनी हा निकाल जपून वापरावा.

घोड्याच्या चालीने श्लोक

अक्षरांच्या उलथापालथीतला आपल्याकडचा कळस चौदाव्या शतकात झाला. वेदान्त देशिक यांच्या ‘पादुकासहस्र’ या संस्कृत काव्यात लागोपाठचे दोन श्लोक आहेत. पहिल्याची बत्तीस अक्षरं आठ घरांच्या चार ओळींत लिहायची आणि बुद्धिबळातला घोडा पहिल्या घरावर ठेवायचा. अडीच घरांची चाल करत, एकाही घरावर दुसऱ्यांदा पाय न ठेवता तो पट फिरून आला की ज्या क्रमाने अक्षरं लागली तो झाला पुढचा श्लोक! छंद शाबूत, अर्थ शाबूत, आणि दोन्ही श्लोक श्रीरंगाच्या पादुकांचेच.

सोळाव्या शतकात गोदाकाठच्या पार्थपूरच्या सूर्यदास दैवज्ञाने वेगळाच डाव टाकला. त्याचं ‘रामकृष्णविलोमकाव्य’ डावीकडून वाचलं तर रामकथा, उजवीकडून वाचलं तर कृष्णकथा. आपण ‘रामाला भाला मारा’ उलटं वाचून टाळ्या घेतो. या गृहस्थाने अख्खं काव्य तसं रचलं.

सरकार बाराच प्रकारे

एका शब्दाच्या अक्षरांचे एकूण किती क्रम लागतात, याचं गणित भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त 1150च्या सुमारास मांडून ठेवलं आहे. त्यांचं उदाहरण देवांचं: विष्णूच्या चार हातांतली शंख, चक्र, गदा, पद्म ही आयुधं आलटून पालटून दिली तर 24 मूर्ती होतात, आणि शंभूच्या दहा हातांतली बदलली तर 36,28,800! काही गोष्टी सारख्याच असतील तर भागाकार कसा करायचा, हेही ते सांगतात. तोच नियम ‘सरकार’ला लावू. अक्षरं चार, म्हणून 24. पण ‘र’ दोनदा आला, म्हणून निम्मे. म्हणजे सरकार कितीही उलथवा, प्रकार बाराच. चाळीसगावजवळ पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढल्याचा शिलालेख आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी नावांची किती उलथापालथ केली असेल!

राजाला मध लावला

आता परदेशी वळू. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या दरबारात लायकोफ्रॉन नावाचा ग्रीक कवी होता. राजा टॉलेमीच्या नावाची ग्रीक अक्षरं फिरवून त्याने काढलं ‘मधापासून झालेला’. राणी अर्सिनोईच्या नावातून काढलं ‘हेरादेवीचं जांभळं फूल’. खुशामतीची कला तेव्हाच पिकलेली होती. पुढे सतराव्या शतकात फ्रान्सच्या तेराव्या लुईने तर हे काम करायला पगारी माणूसच ठेवला, टोमा बियाँ. हुद्दा होता ‘राजाचा अ‍ॅनाग्रॅमकार’.

दोघेही चुकले, तरी एक बरोबर

1610मध्ये गॅलिलिओने दुर्बिणीतून शनी पाहिला. शोध जाहीर करावा तर निरीक्षण अजून पक्कं नाही, गप्प बसावं तर दुसरा कुणी श्रेय पळवेल. मग त्याने लॅटिन वाक्याची 37 अक्षरं कालवून ती अगम्य भेळ प्रागला धाडली. तिथे खगोलशास्त्रज्ञ केपलरने डोकं खाजवून ती सोडवली आणि उत्तर काढलं: मंगळाला दोन चंद्र आहेत! वाक्याचा खरा अर्थ होता, ‘सर्वांत वरचा ग्रह मला तिहेरी दिसला.’

आता पुढची मजा बघा. शनी तिहेरी नव्हताच. त्या छोट्या दुर्बिणीतून गॅलिलिओला दिसली ती कडी होती, हे डच शास्त्रज्ञ ह्युजेन्सने 1659मध्ये उलगडून सांगितलं (आणि त्यानेही आधी आपला शोध अक्षरांत दडवूनच ठेवला होता). मंगळाला मात्र खरोखरच दोन चंद्र निघाले, 1877मध्ये. म्हणजे गॅलिलिओचं निरीक्षण फसलं आणि केपलरचं चुकीचं उत्तर खरं ठरलं. अक्षरं ढवळणाऱ्याला बहुतेक वेळा मनात असतं तेच सापडतं. केपलरच्या मनातलं आकाशातही निघालं, हे त्याचं नशीब.

स्प्रिंगवरचं कुलूप

रॉबर्ट हूकने 1676मध्ये एका पुस्तकाच्या शेवटी नुसती चौदा लॅटिन अक्षरं वर्णक्रमाने छापली. दोन वर्षांनी कुलूप उघडलं: ‘जसा ताण, तसं बळ.’ शाळेत स्प्रिंगला वजनं टांगून आपण जो हूकचा नियम घोकतो, तो असा आधी बंद पेटीत जन्मला. त्याच 1676 साली न्यूटनने जर्मन गणितज्ञ लायब्निझसाठी धाडलेल्या पत्रात कलनशास्त्राचं मर्म असंच अक्षरं मोजून लपवलं. मला हे आधीच माहीत होतं, एवढं सिद्ध व्हावं आणि समोरच्याला काही कळू नये, असा दुहेरी डाव. मराठीने तर यावर कडी केली आहे: ‘कलन’ हलवलं की ‘नकल’ होतं, आणि पुढे त्या दोघांच्या पाठीराख्यांत भांडण जुंपलं ते याच आरोपावरून!

बाईसाहेबांचा दावा

इंग्लंडमधल्या लेडी एलिनॉर डेव्हिस भविष्यं सांगत. माहेरचं नाव एलिनॉर ऑडली. त्याची अक्षरं जुळवून त्यांनी काढलं ‘रिव्हील ओ डॅनिएल’, म्हणजे ‘प्रकट कर, हे डॅनिएल’. बायबलमधला प्रेषित डॅनिएल आपल्यातून बोलतो याचा त्यांना हा पुरावाच वाटला. 1633मध्ये धर्मन्यायालयात प्रकरण उभं राहिलं. युक्तिवाद करूनही बाई ऐकेनात. तेव्हा एकाने कागद पुढे घेतला, ‘डेम एलिनॉर डेव्हिस’ची अक्षरं उलटीपालटी केली आणि वाचून दाखवलं: ‘नेव्हर सो मॅड अ लेडी’, इतकी खुळी बाई पाहिली नाही! कोर्ट खो खो हसलं, बाईंना कैद झाली. ज्या शस्त्राने लढायला निघाल्या, त्यानेच घात केला.

खंड्याचे भाऊबंद

प्राणिशास्त्रज्ञ विल्यम लीच ब्रिटिश म्युझियममध्ये काम करायचा. आपल्या ओढ्याकाठी टपून बसणाऱ्या छोट्या खंड्याची शास्त्रीय प्रजाती ‘अल्सेडो’. ऑस्ट्रेलियातल्या हसऱ्या कूकाबुराला वेगळं प्रजातीनाव हवं होतं, तर लीचने अक्षरं फिरवून ‘डासेलो’ केलं. पुढे आग्नेय आशियातल्या आणखी एका खंड्यासाठी कुणी ‘लासेडो’ही काढलं. 1818मध्ये लीचने कमालच केली. समुद्रातल्या किड्यांसारख्या जिवांना नावं देताना कॅरोलिन किंवा कॅरोलिना या बाईच्या नावाची अक्षरं घोळवत राहिला: सिरोलाना, कोनिलेरा, रोसिनेला, नेरोसिला, अनिलोक्रा. यातले काही माशांच्या अंगाला चिकटून त्यांच्यावरच जगतात. ही भेट कशी वाटली असेल, हे कॅरोलिनबाईच जाणोत.

सर पीटर यांचा राक्षस

स्कॉटलंडच्या लॉक नेस सरोवरातल्या राक्षसाला 1975मध्ये निसर्गतज्ज्ञ सर पीटर स्कॉट आणि रॉबर्ट राइन्स यांनी रीतसर शास्त्रीय नाव दिलं: नेसिटेरास ऱ्हॉम्बोप्टेरिक्स. पुरावा म्हणजे पाण्याखालचे धूसर फोटो. थोड्याच दिवसांत स्कॉटलंडचे खासदार निकोलस फेअरबेर्न यांच्या लक्षात आलं की ही अक्षरं नव्याने मांडली की बनतं ‘मॉन्स्टर होक्स बाय सर पीटर एस’, म्हणजे सर पीटर एस. यांनी मारलेली राक्षसी थाप! राइन्सही गप्प बसणारे नव्हते. त्यांनी त्याच अक्षरांतून उलट उत्तर बनवलं: होय, दोन्ही फोटो राक्षसांचेच आहेत. खाली सही, आर.

नावात दडलेली नावं

- फ्रेंच लेखक फ्रान्स्वा राबले याने आपलं नाव ढवळून ‘अल्कोफ्रिबास नासिए’ हे टोपणनाव घेतलं.
- ‘लोलिता’त व्हिव्हियन डार्कब्लूम नावाचं पात्र डोकावतं. अक्षरं जुळवली की स्वतः लेखक, व्लादिमीर नाबोकोव्ह.
- चित्रकार साल्वादोर दालीचा पैशाचा हव्यास पाहून फ्रेंच कवी आंद्रे ब्रेताँने त्याला नाव ठेवलं ‘अविदा डॉलर्स’. डॉलरांसाठी हपापलेला, आणि अक्षरं त्याच्याच नावाची.
- ‘द डोअर्स’चा गायक जिम मॉरिसन 1971च्या एका गाण्यात ‘मिस्टर मोजो रायझिन’ असं घोळवतो. तो मिस्टर म्हणजे तोच.

एल्व्हिस कुठून आला?

हॅरी पॉटरच्या दुसऱ्या भागात टॉम मार्व्होलो रिडल आपल्या नावाची अक्षरं हवेत फिरवतो आणि वाक्य उमटतं, मी लॉर्ड वोल्डेमॉर्ट आहे. इंग्रजी वाचक थरारले, अनुवादकांना घाम फुटला. हे वाक्य आपल्या भाषेत आणायचं तर खलनायकाचं नावच बदलायला हवं! म्हणून फ्रेंचमध्ये तो झाला टॉम एल्व्हिस जेदूझॉर आणि डॅनिशमध्ये रोमिओ जी. डेटलेव्ह ज्युनियर. जगाला धाक दाखवणारा काळा जादूगार, आणि मधलं नाव एल्व्हिस.

गणितही जुळलं

इंग्रजीतला सर्वांत देखणा अ‍ॅनाग्रॅम आकड्यांचा आहे. ‘इलेव्हन प्लस टू’ची अक्षरं फिरवली की ‘ट्वेल्व्ह प्लस वन’. अकरा अधिक दोन, बारा अधिक एक. बेरीज दोन्हीकडे तेरा, आणि इंग्रजी अक्षरं मोजा, तीही दोन्हीकडे तेराच.

भाषा न येता अजिंक्य

स्क्रॅबलमध्ये हातातल्या सातही सोंगट्या एका फटक्यात लावल्या की 50 गुण जास्तीचे, म्हणून मुरलेले खेळाडू सतत सात अक्षरं मनात घुसळत असतात. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स यात इतका पुढे गेला की 2015मध्ये त्याने फ्रेंच भाषेतली जागतिक स्पर्धा जिंकली, आणि त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं! शब्दकोश तेवढा पाठ केला. 2024मध्ये स्पॅनिशमध्येही तोच पराक्रम. शब्दाचा अर्थ कळायलाच हवा, ही आपली समजूत झाली, अक्षरांची तशी काही अट नाही.

इंटरव्ह्यूची युक्ती

‘दोन शब्द एकमेकांचे अ‍ॅनाग्रॅम आहेत का ते ओळखा’ हा सॉफ्टवेअर कंपन्यांच्या मुलाखतीतला ठरलेला प्रश्न. सगळे क्रम तपासत बसाल तर नोकरी गेली. दोन्ही शब्दांची अक्षरं वर्णक्रमाने लावा. ‘कमल’चे झाले क-म-ल, ‘कलम’चेही क-म-ल. जुळले, संपलं. हूकने 1676मध्ये कुलूप घालायला जी रीत वापरली, तीच आज किल्ली म्हणून चालते.

आता तुमची पाळी

अख्खं अक्षर हीच सोंगटी, काना-मात्रा सुटी करायची नाही.

1. दसरा: सणाला नवा घ्या आणि अंगात घाला.
2. मालक: पगारवाढ दिली तर कामगार हेच म्हणतील.
3. रजनी: रात्र सरली, पाण्यात कमळ उमललं.
4. वादळ: गिरणीत गहू देताना तुम्ही काय सांगता?
5. पालक: भाजी थेट डोक्यात गेली, तीही संस्कृत होऊन.

उत्तरं: सदरा, कमाल, नीरज, दळवा, कपाल.