‘पेल’च्या पलीकडे

एखाद्याच्या वागण्याने सभ्यतेची मर्यादा सोडली, की इंग्रजीत त्याला ‘बियाँड द पेल’ म्हणतात. ‘पेल’ म्हणजे फिकट, एवढेच शाळेत शिकलेला माणूस इथे गोंधळतो. पण हा ‘पेल’ निराळा. लॅटिनमध्ये ‘पालुस’ म्हणजे जमिनीत रोवलेला खुंट. त्यावरून खुंटांचे कुंपण आणि पुढे कुंपणाच्या आतला मुलूख, असा त्याचा अर्थ वाढत गेला.

आयर्लंडमध्ये डब्लिनभोवतीच्या इंग्रजी अमलाखालील मुलखाला ‘द पेल’ म्हणत. त्यापलीकडचे सारे रानटी, ही राज्यकर्त्यांची समजूत. वाक्प्रचार तिथूनच आला, असे सर्रास सांगितले जाते. अभ्यासक मात्र जपून बोलतात. कारण १६५७ मधल्या जॉन हॅरिंग्टनच्या काव्यातला ‘पेल’ म्हणजे प्रेमिकांच्या निवासाभोवतालची हद्द आहे.

हा अर्थ उमजायला मला आपले शीव कोळीवाडा फार सोयीचे वाटते. ‘शीव’ हे संस्कृत ‘सीमा’चेच मराठी रूप. इथे मुंबईची हद्द संपे आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू होई. सतराव्या शतकात अलीकडे इंग्रज, पलीकडे पोर्तुगीज. १७३९ नंतर पलीकडे मराठे. शीवच्या टेकडीवरचा किल्ला ही हद्द राखण्यासाठीच होता. १७७४ मध्ये साष्टी इंग्रजांनी घेतली, पुढे गव्हर्नर डंकनच्या काळात खाडीवर बांध झाला आणि शीव नावापुरती उरली.

आपल्याकडे शीव ओलांडणे वाईटच असे नाही. दसऱ्याला आपण सीमोल्लंघन करतो ते शुभ मानून. पण ‘गावकुसाबाहेर’ हा शब्दही आपलाच. कूस म्हणजे गावाची तटभिंत. इंग्रजीतला माणूस वागणुकीमुळे ‘पेल’बाहेर जातो, इथे माणसे केवळ जन्मामुळे कुसाबाहेर ठेवली गेली. तो वाक्प्रचार नव्हता, राहण्याचा पत्ता होता.

१९४७ मध्ये देशाला नवी सीमा पडली आणि तिच्या पलीकडून आलेली पंजाबी निर्वासित कुटुंबे शीव कोळीवाड्याच्या छावणीत राहिली. आज तिथल्या रेल्वे स्थानकाचे नाव गुरू तेग बहादूर नगर आहे. हॉटेलांतली ‘कोळंबी कोळीवाडा’ही याच वस्तीतल्या कढईतून आली, असे सांगतात. शिवेवर आलेली माणसे शहराचीच झाली.

म्हणून कुणाला ‘पेल’बाहेर ठरवताना आधी एक विचारावे: हे खुंट रोवले कुणी, आणि कुणाच्या सोयीसाठी?