वीजकंपनी बदलावी का? जळगाव-धुळ्याच्या घरांसाठी खरा हिशेब

मे महिन्याचं बिल हातात पडलं की खान्देशात एक बोलणं हमखास निघतं : "मुंबईत लोक कंपनी बदलतात, मग आपणच का महावितरणला धरून बसायचं?" प्रश्न रास्त आहे, पण त्याभोवती गैरसमज फार आहेत. त्यापायी माणसं नको तिथं धावपळ करतात आणि जिथं खरोखर पैसे वाचतात तिकडं लक्ष जात नाही.

गैरसमज १ : अर्ज केला की इथंही दुसऱ्या कंपनीची वीज मिळते.
वस्तुस्थिती : मिळत नाही. मुंबई उपनगरांत टाटा पॉवर आणि अदानी या दोघांकडे घरगुती वीज पुरवण्याचा परवाना आहे, म्हणून तिथल्या ग्राहकाला निवड करता येते. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत महावितरणशिवाय घरांना वीज पुरवणारी दुसरी कंपनी नाही. बाहेरून वीज विकत घेण्याची, म्हणजे ‘मुक्त प्रवेशा’ची सोय कायद्यात आहे, पण ती १ मेगावॅटच्या वर मागणी असणाऱ्यांना, आणि हरित ऊर्जेसाठी २०२२ च्या नियमांनुसार १०० किलोवॅटपासून. आपल्या घराचा मंजूर भार असतो दोन-चार किलोवॅट. ही सोय कारखान्यांच्या कामाची. कंपनी बदलून देतो म्हणून कोणी पैसे मागितले, तर एक रुपयाही देऊ नका.

गैरसमज २ : खासगी कंपनी आली की दर उतरतो.
वस्तुस्थिती : जळगावनं हे अनुभवलेलं आहे. २०११ ते २०१५ या काळात इथलं वीजवितरण क्रॉम्प्टन ग्रीव्हज ही कंपनी फ्रँचायझी म्हणून सांभाळत होती. बिलं वाटणं, वसुली, दुरुस्ती हे सारं तिच्याकडे होतं. दर मात्र महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगानं महावितरणसाठी ठरवलेलाच. फ्रँचायझी आली काय, गेली काय, काम करणारी माणसं बदलतात. दरपत्रक तेच राहतं.

गैरसमज ३ : वीज आपल्याच जिल्ह्यात तयार होते, मग आपल्याला ती स्वस्त मिळायला हवी.
वस्तुस्थिती : भुसावळजवळचं दीपनगर औष्णिक केंद्र आणि साक्री तालुक्यातला सौरप्रकल्प महानिर्मितीचे आहेत. त्यांची वीज थेट आपल्या गल्लीत येत नाही; ती महापारेषणच्या उच्चदाब वाहिन्यांवरून राज्याच्या ग्रिडमध्ये जाते. महावितरणच्या घरगुती ग्राहकाला पुण्यात जो दर, तोच शिरपुरात आणि तोच चोपड्यात.

गैरसमज ४ : १०० युनिट ओलांडले की सगळेच युनिट महाग लागतात.
वस्तुस्थिती : पहिल्या १०० युनिटांना कमी दरच लागतो, चढा दर फक्त वरच्या युनिटांना. हा चढा दर मात्र जवळपास दुप्पट असतो. समजा, हिवाळ्यात तुमच्याकडे महिन्याला ८० युनिट जळतात. मे महिन्यात २०० वॉटचा कुलर रोज १२ तास चालला, तर दिवसाला २.४ आणि महिन्याला ७२ युनिट वाढतात. एकूण झाले १५२. त्यातले ५२ युनिट महाग दराचे, आणि बिल फुगतं ते तिथंच. घरातला जुना ७५ वॉटचा पंखा काढून ३० वॉटच्या आसपासचा बीएलडीसी पंखा बसवला, तर बचत आधी याच महाग युनिटांत होते.

गैरसमज ५ : छतावर सोलर बसवलं की महावितरणशी संबंध संपतो आणि लाइट कधी जात नाही.
वस्तुस्थिती : दोन्ही चूक. दिवसा जास्तीची वीज ग्रिडमध्ये जाते, रात्री ग्रिडमधून येते, आणि नेट मीटर दोन्हींची वजाबाकी करतं. स्थिर आकार भरावाच लागतो. लाइट गेली की बॅटरी नसलेलं सोलरही आपोआप बंद होतं. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनचा जीव धोक्यात येऊ नये म्हणून ती व्यवस्था असते. तरीही खान्देशच्या उन्हात सोलर फायद्याचं आहे. १ किलोवॅटपासून महिन्याला साधारण १०० ते १२० युनिट मिळतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान ठरलं.

गैरसमज ६ : गॅसची कंपनी बदलली की सिलिंडर स्वस्त पडतो.
वस्तुस्थिती : एका गावात तिन्ही सरकारी कंपन्यांच्या १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरचा भाव सारखाच असतो. टाकी वेळेवर येत नसेल, तरच एजन्सी बदलण्यात अर्थ आहे. गॅस लवकर संपतो अशी शंका असेल, तर टाकी दारातच वजन करून घ्या. रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच लिहिलेलं असतं, त्यात १४.२ मिळवा आणि काट्यावरचा आकडा पडताळून पाहा. तो तुमचा हक्क आहे.

थोडक्यात, वीजकंपनी बदलण्यासाठी खटपट करू नका. इथं तो मार्गच नाही. बिलावर मागच्या महिन्यांचा वीजवापर छापलेला असतो, तो आज बघा. फक्त उन्हाळ्यात १०० ओलांडत असाल, तर पंखे आणि कुलरकडे लक्ष द्या. बाराही महिने दीडशे-दोनशेच्या वर जात असाल आणि छत स्वतःचं असेल, तर सोलरची चौकशी पुढच्या उन्हाळ्याच्या आतच करा.