गयेला जाण्याआधी घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला फोन का करावा? पिंडदानात नेमकं काय होतं, जाणून घ्या

गयेत फल्गू नदीच्या घाटावर पितृपंधरवड्यात एक प्रसंग हमखास दिसतो. धोतर नेसलेले, बोटात दर्भाचं पवित्रक घातलेले एखादे गृहस्थ बसलेले असतात. समोर पत्रावळीवर पिंड मांडलेले असतात. गुरुजी विचारतात, "वडिलांचं नाव?" ते पटकन सांगतात. "आजोबांचं?" तेही येतं. "पणजोबांचं?" इथे जरा अडखळायला होतं. आणि मग प्रश्न येतो, "पणजीचं नाव?"

इथे गाडी थांबते. मोबाईल बाहेर निघतो आणि गावाकडच्या काकांना नाहीतर आत्याला फोन लागतो. आत्यालाही आठवत नसेल, तर ते नाव त्या घरातून कायमचं गेलेलं असतं.

हजारभर किलोमीटर प्रवास करून, रजा टाकून, पैसे खर्चून माणूस तिथे पोहोचतो आणि विधी अडतो तो एका नावापाशी. पण नावाला इतकं महत्त्व का? आणि मुळात पिंडदानासाठी गयाच का?

गयासुराची गोष्ट

वायुपुराणाला जोडलेल्या गयामाहात्म्यात ही कथा येते. गय नावाच्या असुराने एवढं तप केलं की त्याच्या देहाला नुसता स्पर्श केला तरी माणूस थेट स्वर्गात जाऊ लागला. यमाला काम उरलं नाही. तेव्हा ब्रह्मदेवाने यज्ञासाठी गयासुराकडे त्याचा देहच मागितला आणि त्याने तो दिला. तो आडवा झाला, पण त्याचं शरीर हलायचं काही थांबेना. अंगावर मोठी शिळा ठेवली, तरी हलतंच. शेवटी विष्णूने त्यावर पाय ठेवला.

स्थिर होण्याआधी गयासुराने वर मागितला, की ही भूमी आपल्या नावाने ओळखली जावी आणि इथे ज्यांच्या नावाने पिंड दिला जाईल ते मुक्त व्हावेत. विष्णूचं ते पाऊल म्हणजेच विष्णुपद, अशी श्रद्धा आहे. साधारण ४० सेंटिमीटर लांबीचा हा पदचिन्हाचा खडक आज विष्णुपद मंदिराच्या गाभाऱ्यात, अष्टकोनी चांदीच्या कठड्यात आहे.

गयेचं मराठी नातं

आज दिसणारं विष्णुपद मंदिर १७८७ साली बांधून घेतलं ते अहिल्याबाई होळकर यांनी.

त्याच्याही आधीचा एक धागा आहे. प्रयाग, काशी आणि गया या तिघांना मिळून त्रिस्थळी म्हणतात. या तीन ठिकाणी यात्रेकरूने काय करावं, कसं करावं याचा 'त्रिस्थलीसेतु' हा संस्कृत ग्रंथ सोळाव्या शतकात काशीत लिहिला गेला. त्याचे कर्ते नारायणभट्ट यांचं घराणं मूळचं पैठणचं. महाराष्ट्रातले लोक शेकडो वर्षं पायी, बैलगाडीने आणि पुढे रेल्वेने ही त्रिस्थळी यात्रा करत आले आहेत.

२०२५ मध्ये बिहार सरकारने या शहराचं नाव अधिकृतपणे 'गयाजी' केलं.

प्रत्यक्षात काय करतात?

गयेत पिंड देण्याच्या जागांना वेदी म्हणतात. पूर्वी त्या ३६० च्या वर होत्या असं परंपरा सांगते. आता पन्नासच्या आसपास ठिकाणी विधी होतात. सगळ्या वेदी करायच्या तर १७ दिवस लागतात. पण बहुतेक लोक एका दिवसात तीन मुख्य ठिकाणं करतात. फल्गू, विष्णुपद आणि अक्षयवट.

पहिलं ठिकाण फल्गू. बोधगयेकडून येणारी निरंजना आणि मोहना या दोन नद्या मिळून ही नदी होते. वर्षातला बराच काळ तिचं पात्र कोरडं असतं, पण वाळू उकरली की पाणी लागतं. याचीही एक लोककथा आहे. राम-लक्ष्मण श्राद्धाचं साहित्य आणायला गेले असताना वेळ टळू लागली, म्हणून सीतेने दशरथाला वाळूचाच पिंड दिला. राम परतल्यावर फल्गू, गाय, तुळस आणि केतकीने खोटी साक्ष दिली. खरं बोलला तो एकटा वड. सीतेने नदीला शाप दिला, की तू वाळूखालून वाहशील. वडाला वर दिला, तोच अक्षयवट. यात्रेकरूंना पाणी मिळावं म्हणून २०२२ मध्ये विष्णुपद मंदिराजवळ फल्गूवर ४११ मीटर लांबीचा रबर डॅम बांधला गेला. आता घाटापाशी पाणी साठलेलं असतं.

पिंड भाताचा किंवा जवाच्या पिठाचा असतो. त्यात काळे तीळ, मध, तूप, दूध घालतात. तर्पण होतं, नाव-गोत्र उच्चारून एकेक पिंड दिला जातो. मग विष्णुपदावर आणि शेवटी अक्षयवटाखाली. तिथे गयेचे तीर्थपुरोहित, म्हणजे गयावळ, 'सुफल' म्हणतात आणि श्राद्ध पूर्ण झालं असं मानतात. इथे एखादं आवडतं फळ किंवा भाजी कायमची सोडायचीही रीत आहे.

अपघाती किंवा अकाली मृत्यू आलेल्यांसाठी शहराबाहेरच्या प्रेतशिला टेकडीवर जातात. तिथे पिंडदानाबरोबर सातूचं पीठ वाऱ्यावर उधळतात.

नावं कशाला लागतात?

श्राद्धात तीन पिढ्यांना बोलावलं जातं. वडील, आजोबा, पणजोबा. तसंच आई, आजी, पणजी. त्याशिवाय आईच्या माहेरची माणसं. वडिलांना वसुरूप, आजोबांना रुद्ररूप आणि पणजोबांना आदित्यरूप मानतात. प्रत्येकाचं नाव आणि गोत्र उच्चारलं जातं, कारण पिंड 'कुणासाठी' ते त्या उच्चाराने ठरतं.

गयेसारख्या तीर्थावर ही यादी आणखी वाढते. काका, काकू, आत्या, मामा, मावशी, भाऊ, बहीण, सासू-सासरे, गुरू, मित्र, या सगळ्यांना पिंड देता येतो. रक्ताचं नातं नसलं तरी चालतं.

आपल्याकडे खरी अडचण येते ती बायकांच्या नावांची. लग्नात नाव बदलायचं, पुढे सगळ्यांनी 'काकी', 'वहिनी', 'माई', 'अमक्याची आई' म्हणायचं. सातबारावर किंवा जुन्या कागदांवर पणजोबांचं नाव सापडतं. पणजीचं अनेकदा सापडत नाही. ते फक्त कुणाच्या तरी आठवणीत असतं.

मग नाव माहीत नसेल तर?

विधी अडून राहत नाही. गोत्र माहीत नसेल तर काश्यप गोत्र सांगायची पद्धत सगळीकडे आहे. नाव माहीत नसेल तर नात्याने उल्लेख करतात.

शिवाय गयेच्या श्राद्धात एक भाग असा आहे, की तो खास अशाच लोकांसाठी ठेवलेला आहे. त्यातल्या मंत्रांचा आशय थोडक्यात असा: वडिलांच्या कुळात, आईच्या कुळात, गुरूच्या आणि सासरच्या कुळात जे गेले, ज्यांना मूलबाळ नव्हतं, ज्यांना पिंड द्यायला कुणी उरलं नाही, जे अपंग होते, जे जन्माला येण्याआधीच गर्भात गेले, ज्यांना आम्ही ओळखतो आणि ज्यांना ओळखत नाही, त्या सगळ्यांना हा पिंड पोहोचो.

ज्या घरात गर्भपातात गेलेल्या बाळाचा विषय पुन्हा कुणी काढला नाही, जिथे घर सोडून गेलेला काका परत आलाच नाही, जिथे एखाद्या विधवा आत्याच्या मागे कुणीच नव्हतं, त्या घरातल्या माणसाला या मंत्राचा अर्थ कुणी समजावून सांगितला तर डोळे भरून येतात. म्हणून गुरुजींना अर्थ विचारायला लाजू नये. चांगले गुरुजी आनंदाने सांगतात.

आईसाठी सोळा पिंड

गयेतला आणखी एक विधी म्हणजे मातृषोडशी. दिवंगत आईच्या नावाने सोळा पिंड दिले जातात आणि प्रत्येक पिंडाबरोबर तिने सोसलेला एकेक त्रास आठवला जातो. पोटात बाळ असताना खडबडीत वाटेने चालणं, महिन्या-महिन्याला वाढणारं ओझं, बाळंतपणाच्या कळा, कडू काढे पिणं, बाळाने रात्री ओली केलेली लुगडी, स्वतः उपाशी राहून बाळाला पाजणं. मोठमोठे पुरुष इथे हुंदके देताना दिसतात.

गयावळांच्या वह्या

घरात नाव सापडलं नाही, तर आणखी एक जागा आहे. गयावळांकडे पिढ्यानपिढ्यांच्या यजमानांच्या वह्या असतात. प्रांत, जिल्हा, गाव, आडनाव या क्रमाने नोंद शोधतात. कोण आलं, कधी आलं, बरोबर कोण होतं, कुणाच्या नावाने पिंड दिले, हे तिथे लिहिलेलं असतं. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडेही अशा वह्या आहेत. नशीब असेल तर पणजोबांची स्वतःच्या हातची सही सापडते. त्यासाठी आपलं मूळ गाव कोणतं हे मात्र माहीत हवं. आता फ्लॅट कुठे आहे याचा तिथे उपयोग नसतो.

काही गैरसमज

१. 'पितृपक्षातच जावं लागतं.' तसं नाही. गयेत श्राद्ध कोणत्याही काळात करता येतं, अधिक महिन्यातही. पितृपक्षात फार गर्दी असते. वयस्कर माणसं बरोबर असतील तर इतर वेळी जाणं सोयीचं.

२. 'मुंडन करावंच लागतं.' तीर्थावर मुंडन आणि उपवास हा सर्वसाधारण नियम आहे, पण गया त्याला अपवाद मानली आहे.

३. 'बायकांनी पिंडदान करायचं नसतं.' घराण्यागणिक रूढी वेगळी असते. पण गयेचीच कथा सीतेने दिलेल्या पिंडाची आहे आणि आज लेकी, सुना तिथे पिंडदान करतात.

४. 'एकदा गया केली की वर्षश्राद्ध बंद.' हा समज खूप पसरलेला आहे. धर्मशास्त्राच्या अभ्यासकांचं सर्वसाधारण मत असं, की वार्षिक श्राद्ध चालू ठेवावं.

५. 'जितका खर्च जास्त तितकं पुण्य जास्त.' सीतेचा पिंड वाळूचा होता, हे आठवावं. दक्षिणा किती, त्यात साहित्य धरलं आहे का, किती वेदी होणार, हे बसण्याआधीच स्पष्ट बोलून घ्यावं. दोषाची भीती घालून कुणी विधी वाढवत असेल तर नम्रपणे नाही म्हणता येतं.

ज्यांना जाणं शक्य नाही, त्यांच्यासाठी बिहारच्या पर्यटन महामंडळाने ई-पिंडदानाची सोय सुरू केली आहे. परदेशातली अनेक कुटुंबं तिचा विचार करतात.

निघण्याआधी

तिकीट काढण्याआधी एक वही घ्या आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाजवळ बसा. जवळ नसतील तर फोन करा. वडिलांकडच्या आणि आईकडच्या तीन-तीन पिढ्या लिहा. गोत्र, कुलदैवत, मूळ गाव लिहा. बायकांची सासरची आणि माहेरची, दोन्ही नावं विचारा. लहानपणीच गेलेल्या भावंडांबद्दल विचारा. हे विषय सहसा कुणी काढत नाही, पण विचारलं की जुनी माणसं तासन्‌तास बोलतात.

नंतर गयेला जाणं जमेल किंवा राहून जाईल. ती वही मात्र घरात राहील आणि तुमच्या नातवंडांना पणजीचं नाव विचारलं तर त्यांना कुणाला फोन लावावा लागणार नाही.