गंजाच्या पोटातली कुऱ्हाड

सिद्धेश्वर म्हटलं की पूर्णेवरचं धरण आठवतं. औंढा नागनाथ तालुक्यातल्या या शिवारातली जमीन काळी, चिकट. पावसात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. अशा मातीत पडलेल्या लोखंडाला सुख नाही. ओल आणि हवा भेगांतून आळीपाळीनं खाली उतरतात, क्षार त्यांना हातभार लावतात. नांगराच्या तासाला कधी जुना फाळ, कधी तुटकी पहार लागते, तेव्हा हाती येतो तो खडे चिकटलेला तपकिरी गोळा. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. वस्तू फुगते, पापुद्रे सुटतात आणि आत काय दडलंय ते ओळखू येत नाही.

आजोबांच्या काळातला फाळ असेल तर तो अंगणात साफ होतो. प्लास्टिकच्या बादलीत पाणी आणि लिटरला चमचाभर कपडे धुण्याचा सोडा. फाळाला एका जागी खरवडून उघड्या लोखंडावर बॅटरी चार्जरची वजा बाजू घट्ट जोडायची. अधिक बाजूला साध्या पत्र्याचा तुकडा. दोघांचा एकमेकांना स्पर्श होता कामा नये. बारा व्होल्टचा प्रवाह सुरू झाला की फाळाभोवती बारीक बुडबुडे उठू लागतात. तो हायड्रोजन असतो, म्हणून हे काम उघड्यावर, विस्तवापासून लांब आणि चार्जर बंद केल्याशिवाय पाण्यात हात न घालता. पत्र्याऐवजी स्टेनलेस स्टील मात्र कधीच वापरू नये. त्यातलं क्रोमियम पाण्यात विषारी रूपात उतरतं.

सकाळपर्यंत पाणी गढूळ होतं, वर तपकिरी फेस साचतो. पत्रा खाल्ला जातो आणि फाळावरचा टणक गंज काळा, मऊ होऊन ब्रशनं निघू लागतो. धुतल्यावर मिनिटं मोजावी लागतात. ओला राहिला तर फाळ बघता बघता केशरी पडतो; म्हणून चुलीशेजारी गरम करून लगेच तेल.

पण वस्तू अडीच हजार वर्षांपूर्वीची असेल तर ही बादली तिची वैरीण ठरते. विदर्भातल्या महापाषाणयुगीन लोकांनी लोखंड मुबलक वापरलं. शां. भा. देव यांनी नायकुंडला केलेल्या उत्खननात तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. नागपूरजवळच्या माहुरझरीच्या शिळावर्तुळांतून लोखंडी वस्तूंबरोबर घोड्याचे तांब्याचे दागिने मिळाले. त्या काळच्या कुऱ्हाडीत कधी कधी धातू नावापुरता उरतो. तिची धार, तिचा खरा पृष्ठभाग गंजाच्याच एका थरात असतो! दांड्याच्या लाकडाचे तंतूसुद्धा गंजात उमटून राहतात. बुडबुड्यांनी ते थर उचलले की कुऱ्हाड स्वच्छ होते आणि कुऱ्हाड उरत नाही.

म्हणून प्रयोगशाळेत आधी क्ष-किरण चित्र काढतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली, नखाएवढ्या जागेवर, स्काल्पेलच्या टोकानं मातीची खपली सुटते. खालचा थर रंगानं किंवा घट्टपणानं वेगळा लागला की हात थांबतो. दिवसभरात दोन बोटं जागा मोकळी झाली तरी ते चांगलं काम.

एवढ्यानं सुटका नाही. गंजात अडकलेले क्लोराइड दमट हवेत पुन्हा जागे होतात. लोखंडावर पिवळसर थेंब येतात, जणू ते रडतं. हे क्लोराइड काढायला अल्कलीच्या द्रावणात वस्तू कित्येक आठवडे, कधी महिने ठेवावी लागते, द्रावण बदलत आणि क्लोराइड मोजत. तांब्या-पितळेवर हाच रोग फिकट हिरव्या भुकटीच्या ठिपक्यांनी दिसतो. त्यावर चिंच-मीठ घासणारा हात रोग वाढवतो आणि जुनी नक्षीही पुसून टाकतो.

जमिनीतून असं काही जुनं, मोलाचं निघालं तर 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचं घबाड जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तोवर त्याला ब्रश लावायचा नाही, पाणी नाही, तेल नाही. भोवतीची माती तशीच राहू द्यायची आणि नेमकं कुठं, किती खोल सापडलं ते कागदावर लिहून वस्तूबरोबरच डब्यात ठेवायचं.