नांदेडला जायचंय, पण कशानं?

प्रत्येक गावाचं तोंड कुठल्या ना कुठल्या दिशेला असतं. लातूरचं पुण्याकडं, परभणीचं संभाजीनगरकडं. नांदेडनं मात्र तोंड केलंय ते थेट पंजाबकडं! स्टेशनच्या पाटीवर ‘हुजूर साहिब नांदेड’, विमानतळाला गुरू गोविंदसिंगजींचं नाव आणि सगळ्यात बोलबाला असलेल्या गाडीचं नाव सचखंड. एखाद्या देवस्थानानं शहराचं आख्खं वेळापत्रकच स्वतःभोवती फिरवावं, असं महाराष्ट्रात शिर्डी सोडली तर दुसरीकडं क्वचितच दिसेल. तेव्हा तख्त सचखंड श्री हुजूर अबचलनगर साहिब या गुरुद्वाऱ्यात माणसं कशाकशानं आली आणि अजून येतात, त्याचा हा फेरफटका. जाता जाता लातूरलाही एक चक्कर मारू, कारण शेजाऱ्याकडं न डोकावता निघणं मराठवाड्यात बरं दिसत नाही.

घोड्यावरून

पहिला मान घोड्याचा. १७०८ साली बादशहा बहादूरशहा आपला भाऊ कामबक्ष याचा बंदोबस्त करायला हैदराबादकडं निघाला होता. त्या लष्कराबरोबर गुरू गोविंदसिंगजी दक्षिणेत आले आणि गोदाकाठी नांदेडला थांबले. लष्कर पुढं गेलं, गुरूजी इथंच राहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी ग्रंथसाहिबाला गुरुगादी दिली आणि नांदेडातच देह ठेवला. म्हणजे ज्या ठिकाणासाठी आज विमानं उतरतात, ते मुळात एका भाऊबंदकीच्या मोहिमेच्या वाटेवरचं मुक्कामाचं गाव होतं.

घोडे मात्र अजून आहेत. गुरुद्वाऱ्याची स्वतःची पागा आहे आणि तिथल्या घोड्यांचा वंश गुरूजींच्या घोड्यापासून चालत आलाय अशी श्रद्धा आहे. दसऱ्याला आणि होळीला हल्ला महल्ल्याची मिरवणूक निघते तेव्हा हे घोडे सजून पुढं असतात. त्यातल्या मानाच्या घोड्यावर कुणी बसत नाही. ठरलेल्या चौकात अरदास (प्रार्थना) झाली की ‘हल्लाबोल’ होतो आणि तलवारी, भाले घेतलेली निळ्या-केशरी फेट्यांची गर्दी सुसाट धावत सुटते. नांदेडकर त्या दिवशी दुचाकी घरी ठेवतो. शहाणा असेल तर.

पायी, आणि तेही उलट्या दिशेनं

पंजाबातून नांदेडला येणाऱ्यांची गोष्ट सगळे सांगतात. पण हा रस्ता आधी आपल्या बाजूनं मळला होता, हे सांगायला हवंच. नांदेडच्या शेजारचं, हिंगोली जिल्ह्यातलं नर्सी हे संत नामदेवांचं गाव मानलं जातं. नामदेव महाराज विठ्ठलाचं नाव घेत पंजाबात घुमानपर्यंत पोचले, ते गुरूजींच्या आधी तीन-साडेतीन शतकं. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. त्यामुळं सचखंडमध्ये ज्या ग्रंथापुढं पंजाबी भाविक माथा टेकतो, त्यात एका मराठी शिंप्याचे शब्द आहेत. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनच घुमानला भरलं. साहित्यिक मंडळी मात्र पायी नव्हे, खास रेल्वेगाडीनं गेली. पायांचा कस अलीकडं पंढरपूर ते घुमान सायकलवारीवाले लावतात.

उलट्या दिशेचा दुसरा प्रवासी म्हणजे माधोदास बैरागी. नांदेडला गोदावरीच्या काठी मठी करून बसलेला हा बैरागी गुरूजींना भेटला आणि बंदासिंग बहादूर झाला. इथून मोजक्या सोबत्यांनिशी निघाला आणि १७१० च्या मे महिन्यात त्यानं सरहिंद जिंकलं. नांदेडहून सुटलेली सर्वांत जलद सेवा ही, असं म्हणायला हरकत नाही.

मग ओघ पुन्हा पंजाबकडून सुरू झाला. महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात सध्याचा गुरुद्वारा बांधून घेतला. त्याच सुमारास त्यांच्याकडून शीख फौजेची एक तुकडी निजामाच्या चाकरीत हैदराबादेत आली. रेल्वे नाही, डांबरी रस्ता नाही, तरी लाहोर ते दक्खन! त्यांतली कितीतरी मंडळी परत गेलीच नाहीत. त्यांचे वंशज आज अस्सल दख्खनी बोलतात आणि घासाघीस मराठीत करतात.

सचखंड एक्स्प्रेस: डबा रिकामाच घेऊन चढा

आता मुख्य पाहुणी. हुजूर साहिब नांदेड ते अमृतसर, दोन हजार किलोमीटरहून जास्त अंतर, सुमारे दीड दिवसाचा प्रवास. पण या गाडीची कीर्ती अंतरामुळं नाही, जेवणामुळं आहे. वाटेवरच्या ठरावीक स्टेशनांवर सेवेकरी लंगर घेऊन उभे असतात आणि गाडीत बसलेल्या प्रत्येकाला फुकट वाढतात. वातानुकूलित डबा असो की जनरल, धर्म-जात-तिकीट काही विचारलं जात नाही. कढी-भात, छोले, खिचडी, डाळ-भाजी, ज्या स्टेशनावर जे असेल ते.

या गाडीचा सराईत प्रवासी ओळखायची खूण एकच: पिशवीत रिकामी भांडी. गाडीचा वेग कमी झाला की बर्थखालून स्टीलचे डबे, वाट्या, ताटल्या बाहेर निघतात. खिडकीतून एक हात डबा पुढं करतो, फलाटावरून पळी येते आणि गाडी हलायच्या आत ‘बस जी, बस’ म्हणेपर्यंत डबा काठोकाठ. नवखे मात्र नेमके घरून पोळ्या-चटणी बांधून आणतात आणि मग शेजाऱ्याच्या कढीकडं बघत बसतात.

भूगोलाची एक गंमत. अमृतसर नांदेडच्या जवळपास सरळ उत्तरेला. पण सचखंड आधी पूर्णा, परभणी, जालना, संभाजीनगर करत साडेतीनशे किलोमीटर पश्चिमेला मनमाडला जाते आणि तिथून उत्तरेची वाट धरते. म्हणजे सुरुवातीचा बराचसा वेळ गाडी अमृतसरकडं जातेय की मुंबईकडं, असाच संशय यावा! याला कारण निजामाच्या काळातलं. हैदराबाद ते मनमाड हा गोदावरी खोऱ्यातला रेल्वेमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला आणि तोही मीटरगेज. त्यामुळं पुढची जवळजवळ नऊ दशकं पंजाबच्या यात्रेकरूला मनमाडला ब्रॉडगेज गाडीतून ट्रंका-वळकट्या उतरवून छोट्या गाडीत चढवाव्या लागत. मनमाडच्या गुप्तसर साहिब गुरुद्वाऱ्यात आजही यात्रेकरू थांबतात. नव्वदच्या दशकात हा रूळ रुंद झाला आणि मनमाडची उतरचढ संपली.

सचखंड एकटी नाही. जम्मूतावीला हमसफर आहे, श्रीगंगानगरला गाडी आहे, आनंदपूर साहिबवरून अंब अंदौऱ्याला जाणारी आहे. २०२३ मध्ये ‘गुरुकृपा यात्रा’ नावाची भारत गौरव गाडी शिखांच्या पाचही तख्तांना फिरवून आणू लागली. आणि मुंबई? राजधानीची वंदे भारत आधी जालन्यापर्यंतच येऊन थांबत होती. ती नांदेडला पोचली ऑगस्ट २०२५ मध्ये. सव्वासहाशे किलोमीटरच्या आतबाहेरचं अंतर, साडेनऊ तासांच्या आसपासचा वेळ. जेवण बरं असतं म्हणे, पण पैसे पडतात.

विमान: झेंडी सिमल्यात, उड्डाण नांदेडात

नांदेडच्या धावपट्टीचं नशीब २००८ मध्ये उघडलं. ग्रंथसाहिबाच्या गुरुगादीला ३०० वर्षं पूर्ण होणार म्हणून शहरात रस्ते, पूल, घाट यांची झुंबड उडाली आणि विमानतळानंही कात टाकली. नंतर २७ एप्रिल २०१७ ला ‘उडान’ योजनेतल्या देशातल्या पहिल्यावहिल्या विमानांत नांदेड-हैदराबाद हे विमान होतं. पंतप्रधान उभे होते सिमल्याच्या विमानतळावर आणि झेंडी दाखवली जात होती नांदेडच्या विमानाला. त्याच वर्षी डिसेंबरात नांदेड-अमृतसर विमान सुरू झालं आणि सचखंडचा दीड दिवस दोन-सव्वादोन तासांवर आला. लंगर तेवढा बुडाला.

इथल्या विमानसेवेचा स्वभाव मात्र मराठवाड्यातल्या पावसासारखा: आला तर धो-धो, नाही तर आभाळाकडं बघत बसा. कंपन्या येतात, जातात. २०२४ पासून स्टार एअरची ७६ आसनी विमानं आली आणि त्यांनी जोडलेली गावं बघा: हैदराबाद, बंगळूर, दिल्लीलगतचं हिंडन आणि पंजाबातलं आदमपूर. आदमपूर! जालंधरजवळच्या या गावाला पुण्याचे लोक नकाशात शोधतील, नांदेडात ते बुकिंगच्या खिडकीवर पाठ असतं.

लालपरी: लातूरहून आजी फुकट

लातूर ते नांदेड हे अंतर रस्त्यानं साधारण १४० किलोमीटर. आष्टामोड, चाकूर, शिरूर ताजबंद, अहमदपूर, लोहा, की आलं नांदेड. रेल्वेनं जायचा हट्ट धरलात तर थेट रूळच नाही. लातूरहून पूर्वेला लातूर रोड, तिथून वर परळी, मग परभणी, मग पुन्हा पूर्वेला नांदेड. दोनशे किलोमीटरच्या वर प्रदक्षिणा. शहाणा लातूरकर म्हणूनच एसटी स्टँड गाठतो.

आणि एसटीत सध्या थाट आहे तो बायकांचा. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट, त्याआधी ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या सगळ्यांना पूर्ण फुकट. पंच्याहत्तरीच्या आजी दर्शनाला निघाल्या की कंडक्टरला आधार कार्ड दाखवून खिडकीची जागा धरतात आणि तिकीट काढलेल्या आजोबांना म्हणतात, “तुमचं वय कमी पडलं, त्याला मी काय करू?”

एसटीचा पहिला प्रवास १ जून १९४८ ला पुणे-नगर, हे शाळेत सगळ्यांनी घोकलंय. पण लातूर आणि नांदेड तेव्हा हैदराबाद संस्थानात होते (लातूर तर जिल्हाही नव्हता, तो झाला १९८२ ला) आणि निजामाच्या रेल्वेनं सरकारी बससेवा १९३२ मध्येच सुरू केली होती, २७ बस आणि १६६ नोकरांनिशी. सरकारी बसच्या बाबतीत आमचं संस्थान पुण्याच्या सोळा वर्षं पुढं होतं, हे कुणाला सांगूनही खरं वाटत नाही.

याच रस्त्यावर लोह्याच्या अलीकडं माळेगाव लागतं. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, बैल सगळं विकायला असतं. तेव्हा एसटी चुकली तर वाहन घ्यायची सोय आहे!

बसचा सगळ्यात लांबलचक किस्सा २०२० चा. टाळेबंदीत पंजाबचे हजारो यात्रेकरू गुरुद्वाऱ्यात अडकले. त्यांना न्यायला पंजाब सरकारनं एप्रिलअखेर सुमारे ८० बसगाड्या धाडल्या. तोवर रोजचं जेवण अर्थातच लंगरात.

शेवटचे दोन किलोमीटर

विमानानं या, वंदे भारतनं या, बाहेर आलात की गाठ ऑटोवाल्याशी. स्टेशन ते सचखंड जेमतेम दीड-दोन किलोमीटर. गुरुद्वाऱ्याची बस यात्रेकरूंना फुकट नेते, पण ती दिसायच्या आत ऑटोवाला तुम्हाला पाहतो. फेटा दिसला की “आओ जी, गुरुद्वारा, यात्री निवास!” धोतर दिसलं की “या मामा, सचखंड ना?” एका दमात तीन भाषा. वर नगीना घाट, बंदा घाट, हिरा घाट, शिकार घाट, माळ टेकडी अशी सगळी यादी तोंडपाठ, आणि हिंमत असेल तर “बिदर का नानक झिरा भी करवा देंगे.” बिदर शेजारच्या राज्यात आहे याचं त्याला ओझं नाही.

रोज पहाटेच्या अंधारात सेवेकरी गोदावरीवरून गागर भरून आणतात आणि त्या पाण्यानं तख्ताला स्नान घातलं जातं. ही फेरी मात्र पायीच होते, तिला ऑटो चालत नाही.

लातूर: रूळ आणि सोळा रस्ते

लातूरची रेल्वेकथा वेगळीच. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची बार्शी लाइट रेल्वे, अडीच फुटी रूळ, १९११ पर्यंत लातुरात पोचली. कुर्डुवाडी-लातूर ही गाडी असली की माणसं चढणीला उतरून चालत आणि पुढं जाऊन पुन्हा चढत, अशा गप्पा जुने लोक अजून रंगवतात. ब्रॉडगेज व्हायला २००७ उजाडलं. मग आली मुंबईची गाडी, जिच्यावर लातूरकराचा भारी जीव. २०१७ मध्ये आठवड्यातले तीन दिवस ती बिदरपर्यंत वाढवली तर गावानं आंदोलन केलं. जागा मिळण्याचा प्रश्न होता, थट्टा नाही.

आणि लातुरात रेल्वेनं आलेला सगळ्यात मोठा पाहुणा माणूस नव्हताच. एप्रिल २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून ३४२ किलोमीटर प्रवास करून पाणी आलं. पहिल्या खेपेला १० वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. पुढं ५० वाघिणी, २५ लाख लिटर. आता हरंगुळला रेल्वेडब्यांचा कारखाना उभा राहिलाय आणि वंदे भारतच्या शयनयान गाड्यांचं काम तिथं ठरलंय. शेजारच्या नांदेडला थेट रूळ नसलेलं गाव रुळांवरच्या गाड्या बनवणार.

नांदेडहून लातुरात याल तर गंजगोलाई बघाच. १९१७ ची ही दुमजली गोल बाजारपेठ, मधोमध जगदंबेचं मंदिर, आराखडा फैयाजुद्दीन यांचा. इथं यायला वाहनाची चर्चाच नको, कारण सोळा रस्ते तिला येऊन मिळतात. कुठल्यावर सोनं, कुठल्यावर चपला, कुठल्यावर मिरची, कुठल्यावर गूळ. गाडी कुठल्या रस्त्यावर लावली तेवढं आत शिरायच्या आधी बघून ठेवा. मिरचीच्या की गुळाच्या, एवढं सांगता आलं तरी दुकानदार परत वाटेला लावतात.