ज्ञापक आणि कारक : हृदयस्नायूच्या विकारातील मायक्रो-आरएनए

हृदयस्नायूच्या विकारासंबंधीच्या संशोधनात ‘अमुक मायक्रो-आरएनएची अभिव्यक्ती वाढलेली असता रोग्याचे भवितव्य प्रतिकूल असते’ अशा आशयाची विधाने वारंवार आढळतात. अशा विधानाने काय सिद्ध होते व काय होत नाही, याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

मायक्रो-आरएनए हा सुमारे २२ न्यूक्लिओटाइडांचा लहानसा रेणू होय. तो स्वतः प्रथिन घडवीत नाही; संदेशवाहक आरएनएशी जोडला जाऊन त्यापासून होणारी प्रथिननिर्मिती तो कमी करतो. व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रुव्हकुन यांनी एका गोलकृमीवरील संशोधनातून १९९३ मध्ये हे उघड केले. त्याबद्दल त्यांना २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. साहित्यशास्त्रात ‘अभिव्यक्ती’ म्हटली की आशय अभिप्रेत असतो. येथे मात्र ती केवळ मोजलेली राशी आहे. शिवाय रक्तात आढळणारे हे रेणू हृदयातूनच आलेले असतात असे नाही; रक्तबिंबिकांतूनही ते येतात.

आपल्या शास्त्रकारांनी हेतूचे कारक व ज्ञापक असे दोन प्रकार मानले आहेत. अग्नी हा धुराचा कारक. धूर हा अग्नीचा केवळ ज्ञापक. धूर दवडल्याने अग्नी विझत नाही. वाढलेला मायक्रो-आरएनए यांपैकी कोणत्या प्रकारचा, हे केवळ मोजमापावरून ठरत नाही. मिआर-२१ चे उदाहरण बोधप्रद आहे. २००८ मध्ये थॉमस थुम व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांत हा रेणू निष्प्रभ केला, तेव्हा हृदयातील तंतुमयता कमी झाली. तथापि, ज्या उंदरांत तो मुळातच नव्हता, त्यांच्या हृदयावर ताण आला असता विकृती तशीच उद्भवली, असे २०१० मध्ये दुसऱ्या संशोधकांना आढळले.

याहून बोलके उदाहरण बीएनपी या संप्रेरकाचे आहे. हृदय दुर्बल झाले की रक्तातील त्याचे प्रमाण वाढते, आणि ते जितके अधिक तितका धोका अधिक. परंतु त्याचे कार्य संरक्षक आहे : ते रक्तवाहिन्या शिथिल करते व मूत्रावाटे क्षार बाहेर टाकते. म्हणून जे वाढलेले दिसते ते दाबून टाकावे, हा न्याय येथे घातक ठरला असता.

तात्पर्य, ज्ञापकाची कसोटी वेगळी व कारकाची वेगळी. ज्ञापकाने वय, हृदयाची आकुंचनशक्ती व बीएनपी यांवरून जे कळते त्यात भर घातली पाहिजे, आणि तीही नव्या रुग्णसमूहात टिकली पाहिजे. कारकत्व प्रत्यक्ष हस्तक्षेपानेच सिद्ध होते. मराठीत हा भेद दाखविण्यास ‘वाढल्यामुळे’ व ‘वाढलेली असता’ हे दोन प्रयोग सिद्धच आहेत. पुरावा सहचाराचा असेल तेथे ‘मुळे’ लिहिणे हा केवळ भाषेचा दोष नव्हे. तो अनुमानाचा दोष आहे, आणि त्याची किंमत रोग्याला मोजावी लागते.